फुली

बॅडमिंटनच्या कोर्टावर टेबलं मांडली आहेत.
जमिनीवरच्या रेघा टेबलांखालून निघतात, पलीकडे जातात,
कुठली कुठल्या खेळाची, आता सांगता येत नाही.
काचेपलीकडे तरणतलाव, दिवे मालवलेले.
क्लोरीनचा वास मात्र मोजणीला हजर.
हाच तलाव बंद करायचा ठराव
मार्चमध्ये झाला, सहाविरुद्ध पाच.

मी एरवी वाचनालयात असते,
आठवड्यातून तीन दिवस. पूर्वी पाच.
आज बोटात रबरी टोपी, पुढ्यात मिल लेन वॉर्ड.
पंचवीसचा गठ्ठा, रबरबँड.
पंचवीसचा गठ्ठा, रबरबँड.
छातीवर रिबिनीची फुलं लावलेली माणसं
वाकून माझ्या बोटांकडे बघतात.
माझी बोटं कुणाच्याच पक्षाची नाहीत.
बाकीच्या माझ्याबद्दल विचारू नका.

शाळेत फुली चुकलेल्या गणितावर असायची.
पुढे घरांच्या यादीत, औषधांच्या यादीत,
दादाच्या जुन्या फोनवहीत एकेका नावावर.
वर्षातून एकदा, मेमधल्या गुरुवारी,
दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने मारली
की फुलीचा अर्थ होतो: हा हवा.
तोही, बघता बघता कळतं,
दहातल्या सातांना नको होता. ते आलेच नाहीत.

बाद मतांचा ट्रे वेगळा.
एकाने चौघांच्याही पुढे फुली मारलीय. दिलदार माणूस.
एकाने कुत्रा काढलाय, चांगला काढलाय.
एकीने (अक्षर बाईचं वाटतं)
लिहिलंय: बसथांब्यावरचा बाक परत आणा.
बाक उमेदवार नव्हता. बाद.

रात्री पावणेदोनला मिस्टर पेनबर्थी चष्मा पुसतात.
ग्लेनिस थॉर्नली, सहाशे दहा.
कॅलम ओसेई, सहाशे अकरा.
आणि एक कागद शिल्लक, ज्यावर सगळे ओणवे:
ग्लेनिसपुढे नीट फुली,
शेजारी बारीक अक्षरात, ‘हे शेवटचं.’
वकिली सुरू होते. शेवटचं म्हणजे काय?
धमकी की निरोप?
पेनबर्थी म्हणतात, फुली स्पष्ट आहे, राग मोजायचा नाही.
सहाशे अकरा, सहाशे अकरा.
पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

मग चिठ्ठ्या.
कायद्यात आहे तसं, त्यांनी हळू वाचून दाखवलं.
डबा कुणाकडेच नव्हता,
मी हरवलेल्या वस्तूंचा खोका रिकामा केला:
पोहण्याचे सात चष्मे, एक मोजा, लहान मुलाचा पंख असलेला पट्टा.
लोकांचा कौल लोकांना देता आला नाही,
तेव्हा खोक्याला लावला.
पेनबर्थींनी मान वळवली, हात घातला.
ओसेई.

कुणीतरी ओरडलं, मग त्याचाच आवाज दबला.
कॅलमच्या अंगात अजून बसकंपनीचं जाकीट होतं,
साडेपाचला त्रेचाळीस नंबरची पहिली फेरी.
ग्लेनिसने सत्तावीस वर्षांत तीनदा हेच कोर्ट जिंकलं होतं,
आणि माझे दोन दिवस तिच्याच सहीने गेले.
मला बरं वाटायला हवं होतं.

ती त्याच्याकडे चालत गेली.
हात मिळवला नाही, पर्समधून वही काढली,
पिवळी, कोपरे कुत्र्याने चावलेले.
‘चौदा नंबरच्या मिसेस डकवर्थ,’ ती म्हणाली,
‘फोन उचलायला वेळ लावतात. वाजू दे.
अठरा वेळा वाजू दे. ठेवू नकोस.
बाकाचं मला जमलं नाही.’

तो वही उघडून तिथेच वाचत राहिला,
लोक त्याचा फोटो काढायला थांबले होते.

बाहेर पाच वाजता कचऱ्याची गाडी,
चुकीच्या वारी, चुकीच्या रस्त्याला.
बोटातली टोपी अजून निघत नव्हती.
मी खोक्यात चष्मे परत भरले,
मोजा, पट्टा,
आणि दोन्ही चिठ्ठ्या कुणी मागितल्या नाहीत, त्याही.